मन मोकळं केल्यावर नेमकं काय होतं?

सांगलीत सकाळच्या वेळी कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहिलं, तर पंधरा मिनिटांत निम्म्या जिल्ह्याची गाऱ्हाणी कानावर पडतात. उसाचं बिल अजून जमा नाही. बेदाण्याचा दर पडला. मिरजेच्या डॉक्टरांनी परत एमआरआय सांगितलाय. पोरगं पुण्याला गेल्यापासून फोन करत नाही. "पार वैताग आलाय बघ," म्हणत माणूस कप खाली ठेवतो आणि कामाला लागतो. त्याला मनापासून विचारलं तर तो म्हणेल, बोललं की जरा बरं वाटतं.

ते खरंच आहे. म्हणून तर कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की आपण म्हणतो, "बोल, हलकं वाटेल." पण या सल्ल्यात अर्धीच गोष्ट आहे. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमे यांनी अनेक वर्षं याच प्रश्नाचा पाठलाग केला. एखादी गोष्ट मनाला लागली की माणूस ती कुणाला तरी सांगतोच, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी सांगतो. सांगून फायदा झाला, असंही लोक ठामपणे म्हणतात. पण तो प्रसंग पुन्हा आठवल्यावर उठणारी कळ मोजली, तेव्हा ती नुसतं सांगून कमी झालेली दिसली नाही.

म्हणजे बोलण्यातून दोन वेगवेगळ्या गोष्टी मिळू शकतात. कुणीतरी आपलं ऐकलं, आपण एकटे नाही, हा दिलासा ही एक. आणि जे घडलं त्याकडे थोडं वेगळं बघता येणं, त्याचा अर्थ लागणं, पुढचं पाऊल सुचणं, ही दुसरी. दिलासा लगेच मिळतो पण फार टिकत नाही. दुसरी गोष्ट उशिरा येते, पण खरा फरक तिनेच पडतो. माझं निरीक्षण असं की आपल्या घरांत पहिला भाग गळतो आणि आपल्या कट्ट्यांवर दुसरा.

आधी रागाचं बघू, कारण तिथला गैरसमज सगळ्यात जुना आहे. १८९५ साली व्हिएन्नात ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी हिस्टेरियावरचा आपला ग्रंथ छापला. दाबलेल्या भावना आत साठून राहतात आणि त्यांना वाट करून दिली की त्रास ओसरतो, ही कल्पना तिथून जगभर पसरली. मग उशीला बुक्क्या मारा, मोकळ्या रानात जाऊन ओरडा, असे सल्ले आले. २००२ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी हे तपासून पाहिलं. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर मुद्दाम बोचरी टीका करून त्यांना राग आणला. काहींना टीका करणाऱ्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले, काहींना व्यायामाचा विचार करत, आणि काहींना नुसतं दोन मिनिटं शांत बसवलं. पहिला गट सगळ्यात जास्त चिडलेला राहिला. सूड घ्यायची संधी दिली तेव्हा सगळ्यात सौम्य वागले ते नुसते बसून राहिलेले.

२०२४ मध्ये याच विषयावरचे १५४ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत दहा हजारांहून जास्त माणसं होती. श्वास संथ करणं, ध्यान, स्नायू सैल सोडणं अशा शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी राग उतरला. आदळआपट करून किंवा धावून तो उतरला नाही. राग आला की छाती धडधडते, रक्तदाब चढतो, स्नायू आवळतात. ओरडून आपण शरीराला हेच सांगत असतो की धोका अजून टळलेला नाही. व्यायाम उदास मनासाठी उत्तम, त्याबद्दल शंका नको. पण ऐन संतापात आधी चार-पाच मिनिटं बसावं, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा आणि मग बोलावं.

बोलताना नेमकं काय बोलायचं, याचंही उत्तर थोडंफार मिळालेलं आहे. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. त्या भावनेला योग्य शब्द निवडायला सांगितला की भीतीची घंटा वाजवणारा अमिग्डाला हा भाग शांत होऊ लागे आणि विचार करणारा पुढचा भाग कामाला लागे. नुसतं "लई वैताग आलाय" म्हणण्यात हे होत नाही. त्या वैतागाखाली थकवा असतो, अपमान असतो, पैशाची भीती असते, कुणी विचारत नाही याचं दुःख असतं. बँकेत साहेबांनी चारचौघांत झापलं आणि म्हणून लाज वाटली, एवढं एक वाक्य तासभराच्या चिडचिडीपेक्षा जास्त काम करतं.

आता घरात काय होतं ते पाहू. दिवसभर शाळेत शिकवून आलेली सून ओट्यापाशी उभी राहून म्हणते, "आई, आज अगदी जीव नकोसा झालाय." सासूबाई म्हणतात, "अगं, आमच्या टायमाला पाणीसुद्धा नदीवरनं आणायला लागायचं." नवरा आतल्या खोलीतून म्हणतो, "मग सोड की नोकरी." दोघांच्याही मनात वाईट काही नाही. एकीने धीर दिला, दुसऱ्याने उपाय सुचवला. पण तिच्यापर्यंत पोचलं ते एवढंच की आपलं दुखणं इथे मोठं नाही, किंवा ते झटपट मिटवून टाकायचं आहे. पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. पुरुषांचं तर याहून अवघड. "काय नाय, चाललंय" या तीन शब्दांमागे आपल्याकडच्या कितीतरी बापांनी कर्ज, मूळव्याध आणि पोराशी झालेला अबोला दडवलेला असतो.

हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी पद्धत आहे. पेवाचं तोंड उघडल्याबरोबर आत कुणी उतरत नाही, कारण आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. ते काही तास नुसतं उघडं ठेवतात, हवा आत गेल्याची खात्री करतात, मगच माणूस उतरतो. ऐकणाऱ्यानेही सुरुवातीची काही मिनिटं एवढंच करावं. सल्ला थांबवावा, आपली जुनी हकीकत थांबवावी. "मग?" "कधीपासून?" "तुला त्यातलं जास्त काय लागलं?" एवढे प्रश्न पुरतात. त्यानंतर सरळ विचारावं, "नुसतं ऐकू, की काय करता येईल ते बघू?" निम्म्या वेळा उत्तर येतं, "नुसतं ऐका."

कट्ट्यावर उलट घडतं. तिथे ऐकणारे भरपूर. एकाने बॉसबद्दल बोलायला सुरुवात केली की दुसरा आपला बॉस काढतो, तिसरा सगळ्या जगालाच शिव्या घालतो. रात्री त्याच तक्रारीची दुसरी फेरी व्हॉट्सअॅपवर. २००२ मध्ये अमांडा रोझ यांनी शाळकरी मुलांच्या मैत्रीत हे तपासलं. जे मित्र-मैत्रिणी एकमेकांपाशी अडचणी पुन्हा पुन्हा उगाळत, त्यांची मैत्री जास्त घट्ट होती, पण उदासी आणि चिंतेची लक्षणंही त्यांच्यातच जास्त होती. हे समजून घेण्यासारखं आहे, कारण जवळीक वाढते म्हणूनच ही सवय सुटत नाही. आपण एकमेकांना आधार देतोय असंच वाटत राहतं.

मोकळं होणं आणि उगाळणं यांतला फरक ओळखायची माझी खूण साधी आहे. तीच हकीकत त्याच शब्दांत चौथ्यांदा आली आणि तिच्यात नवा तपशील नसला, तर आता उगाळणं सुरू झालंय. अशा वेळी चांगला मित्र विषय बदलत नाही, प्रश्न बदलतो. "हेच तुझ्या धाकट्या भावाबाबत झालं असतं तर तू त्याला काय सांगितलं असतंस?" ही युक्ती वाटते त्याहून पक्की आहे. स्वतःकडे जरा लांबून, अगदी स्वतःला नावाने हाक मारून बघितलं तरी विचार निवळतात, असं ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसलं आहे. दुसरा प्रश्न: "यातलं उद्या सकाळी आपल्या हातात काय आहे?" उत्तर "काही नाही" असलं तरी ते ऐकल्यावर मन त्या जागेवरून हलतं.

ऐकणारं कुणीच नसेल तर? वही आहे. १९८६ मध्ये जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या प्रसंगावर. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच उलट जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात जाण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी राहिलं. पुढे बरेच प्रयोग झाले आणि सरासरी फायदा लहानसाच निघतो. पण तो कुणाला झाला, हे पाहण्यासारखं आहे. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "म्हणून", "आता कळतंय" अशा धाटणीचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त झाला. पहिल्या दिवशी नुसता आक्रोश आणि चौथ्या दिवशीही तोच आक्रोश, त्यांना कमी.

आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर बसून सासर, आजारपण, मेलेलं लेकरू, न आलेला भाऊ, सगळं ओवीत बांधलं. हातांना एक लय, शब्दांना एक चौकट, आणि जात्याच्या पलीकडे बसलेली दुसरी बाई, जी पुढची ओळ उचलून धरते. मला वाटतं, ऐकून घेणं आणि अर्थ लावणं या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र सापडत होत्या. वहीत लिहिताना शुद्ध मराठीचा विचार करू नये. ज्या बोलीत रडू येतं त्याच बोलीत लिहावं, कुणाला दाखवू नये, हवं तर फाडून टाकावं. लिहिता लिहिता फारच बिनसायला लागलं तर त्या दिवशी थांबावं.

आता दुखण्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त चिडचिड तिथे असते आणि सगळ्यात कमी समजूतही. समजा, कवठे महांकाळच्या एका शेतकऱ्याचं मणक्याचं ऑपरेशन झालंय. पहिले दोन महिने झपाट्याने सुधारणा. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी पुन्हा पायात मुंग्या आणि कंबर धरलेली. ऑपरेशनच्या आधी तो जितका खचला नव्हता तितका आता खचतो. कारण तेव्हा त्याला दुखत होतं आणि आता दुखतंय, शिवाय आशा मोडली आहे. घरचे म्हणतात, "एवढं चांगलं झालं होतं, तुम्हीच मनाने घेतलंय." हे वाक्य घरातून हद्दपार करावं असं मला फार वाटतं. बरं होणं सरळ चढत्या रेषेत होत नाही, मध्ये मध्ये घसरणी येतात. हे त्याला आधी कुणी सांगितलेलं असतं तर ती सकाळ एवढी जड गेली नसती. अर्थात पायातली ताकद कमी झाली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर घसरण समजून थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आजारपणातली उदासी म्हणजे नुसता मनाचा कच्चेपणा, हाही समज चुकीचा आहे. गोठ्यातली म्हैस आजारी पडली की वैरण सोडते, कळपापासून बाजूला होते, मान टाकून बसते. १९८८ मध्ये बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाने मांडलं की हे वागणं शरीराने मुद्दाम घडवून आणलेलं असतं. संसर्गाशी लढताना प्रतिकारशक्तीच्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो आणि मेंदू भूक, उत्साह, माणसांत मिसळायची इच्छा कमी करतो, म्हणजे सगळी ताकद बरं होण्याकडे लागते. माणसातही हेच चालतं. चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने सांधे धरतात, कशातच मन लागत नाही, त्यात या शारीरिक यंत्रणेचा वाटा असू शकतो. थायरॉईड मंदावणं, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असणं, रात्री घोरताना श्वास अडकून झोपमोड होणं, यांतूनही मन खालावतं. बरेच दिवस उगाच उदास वाटत असेल तर या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. एका साध्या रक्ततपासणीने सुटणारा प्रश्न वर्षभर स्वभावाच्या नावावर खपवणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

मधुमेहाचं आणखी वेगळं. रोज साखर मोजायची, लग्नात जिलेबीला नाही म्हणायचं, औषध चुकवायचं नाही आणि एवढं करूनही रिपोर्ट वाढीव यायचा. या कंटाळ्याला डॉक्टरी जगात १९९५ पासून स्वतंत्र स्थान आहे. हा डिप्रेशनसारखा दिसतो पण दरवेळी डिप्रेशन नसतो. तो रोगाच्या रोजच्या ओझ्याने येतो, आणि ओझं थोडं वाटून घेतलं, ध्येय लहान केलं की उतरू शकतो. घरच्यांनी ताटावर पहारा ठेवण्याऐवजी रात्री सोबत चालायला जावं.

डॉक्टरांपुढे मात्र गाऱ्हाण्याचं रूप बदलावं लागतं. मिरजेला कर्नाटकातून, सोलापूरकडून पेशंट येतात. तासन्‌तास बाकावर बसून आत मिळतात ती थोडीच मिनिटं. तिथे "बरंच नाही ओ डॉक्टर" म्हटलं तर त्यांच्या हाती काही लागत नाही. "पंधरा दिवसांपूर्वी जिना एका दमात चढत होतो, आता मध्ये दोनदा थांबतो" म्हटलं तर लागतं. आदल्या रात्री कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात: काय होतं, कधीपासून, कशाने वाढतं आणि त्यामुळे कुठलं काम अडलंय. झोप आणि मन कसं आहे, हेही त्याच कागदावर, शेवटी नव्हे तर वर. कारण १४ देशांतल्या दवाखान्यांत झालेला आणि १९९९ मध्ये छापलेला एक मोठा अभ्यास सांगतो की डिप्रेशन असलेल्या ६९ टक्के पेशंटांनी दवाखान्यात येण्याचं कारण फक्त शरीराची तक्रार हेच दिलं होतं. अंग जड, डोकं जड, छातीत धडधड. मनाचं त्यांनी सांगितलं नाही.

सगळ्यांना बोलतं केलंच पाहिजे का? नाही, आणि हे सांगलीकरांना मुद्दाम सांगायला हवं. २००५, २०१९, २०२१, या तीन पुरांनी आपल्याला खूप दाखवलं. २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा प्रसंगानंतर लोकांना लगेच गोळा करून "काय काय झालं ते सगळं सांगा" असा आग्रह धरण्याची पद्धत एके काळी जगभर होती. अभ्यासांनंतर ती मागे पडली. अशा एका बैठकीने पुढचा मानसिक आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटना आता आधी सुरक्षित जागा, अन्न, पाणी, घरच्यांशी संपर्क आणि ज्याला बोलायचंय त्याचं ऐकणं एवढंच करायला सांगते. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ज्यांनी मनातलं बोलायचं नाही असं स्वतःहून ठरवलं, त्यांची प्रकृती पुढच्या दोन वर्षांत बोलणाऱ्यांपेक्षा वाईट नव्हती. उलट थोडी चांगलीच होती. त्यामुळे पुराबद्दल आबा एक शब्द काढत नसतील, पण जेवत असतील, झोपत असतील, रानात जात असतील, तर त्यांना खोदू नये. बोलावंसं वाटेल तेव्हा आपण जवळ असावं.

गप्प राहणं वेगळं आणि आतल्या आत घोकत राहणं वेगळं. १७ ऑक्टोबर १९८९ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळ मोठा भूकंप झाला. योगायोगाने सुझन नोलेन-होक्सेमा यांनी त्याच्या थोडं आधी तिथल्या विद्यार्थ्यांची विचारांची सवय मोजून ठेवली होती. वाईट वाटलं की त्याच विचाराभोवती फिरत राहायची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतर उदासी जास्त दिसली. जुलै-ऑगस्टमध्ये दर दहा मिनिटांनी मोबाईलवर पाण्याची पातळी बघणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. दिवसातून ठरावीक वेळी बघावं, कागदपत्रं आणि औषधं वरच्या मजल्यावर ठेवावीत, आणि मधल्या वेळात मोबाईल दुसऱ्याच्या हातात द्यावा.

काही वेळा मात्र ऐकणं, लिहिणं, चालणं, काहीच पुरत नाही. जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा जास्त, मन उदास किंवा कशातच गोडी नाही, आणि जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडलेली, स्वतःबद्दल तिरस्कार, अशी लक्षणं असतील तर तो आजार असू शकतो आणि त्यावर औषधं आणि समुपदेशन दोन्ही आहेत. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. "जीव नको झालाय" आपण सहज म्हणतो, पण कुणी "मी नसले तर तुमचं बरं होईल" म्हणू लागलं, वस्तू वाटू लागलं, औषध-दोरीची भाषा करू लागलं, तर सरळ विचारावं, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बऱ्याचदा विचारणारं कुणी भेटलं याने माणसाचा बांध फुटतो. त्याला एकटं सोडू नये, फवारणीची औषधं घरातून हलवावीत आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास आणि मोफत, मराठीतही बोलता येतं.

राहिली ती सांभाळणारी माणसं. दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटच्या पायाशी बसून सून किंवा मुलगा म्हणतो, "किती रजा टाकायच्या, किती पैसे गेले." त्यांचं म्हणणं खोटं नसतं, फक्त ते चुकीच्या कानावर पडतं. सुझन सिल्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यासाठी सोपा नियम सुचवला आहे. मध्ये पेशंट, त्याच्याभोवती सगळ्यात जवळची माणसं, त्याबाहेर नातेवाईक, त्याबाहेर शेजारी आणि ओळखीचे, अशी वर्तुळं काढायची. आपल्यापेक्षा आतल्या वर्तुळातल्या माणसाला फक्त आधार द्यायचा आणि गाऱ्हाणं बाहेरच्या वर्तुळाकडे न्यायचं. सुनेने सासऱ्यांसमोर नाही, बहिणीला फोन करून रडावं. आणि बहिणीने त्या वेळी "अगं, तुझं कर्तव्यच आहे ते" असं न म्हणता विचारावं, "जेवलीस का? उद्या दुपारी मी येऊन बसू त्यांच्यापाशी?"